पाण्यातली पकड

पिपलानी, भोपाळ
९ ऑगस्ट १९८७

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण इथे एक प्रकरण झालं आहे आणि ते पार तुझ्या घरापर्यंत येतं. म्हणून शांतपणे वाच.

आमच्या निगमात पाणीपुरवठ्यासाठी मोठाले पोलादी नळ बनतात आणि मी तिथे रंगाच्या प्रयोगशाळेत आहे, एवढं तुला माहीत आहे. नळाला आतून जाड इपॉक्सी रंग देतात, पाण्याने लोखंड गंजू नये म्हणून. गेल्या महिन्यात नर्मदेकाठच्या एका गावाहून तिथल्या इंजिनिअरने आम्हाला एक गोणी पाठवली. गोणीत आमचाच रंग होता. हात-हात लांबीची सालं. ती जाळीत अडकून पंप बंद पडला आणि गावाला चार दिवस पाणी नव्हतं.

आमच्या कुलश्रेष्ठ साहेबांनी दुसऱ्याच दिवशी दोषी ठरवून टाकला. शंकरलाल. रंग देण्याआधी वाळूचा झोत मारून लोखंड साफ करणारा आमचा जुना कामगार. बावीस वर्षं नोकरी, त्या धुळीने छाती खराब झालेली. त्याने काम नीट केलं नाही म्हणून रंग सुटला, असं म्हणून त्याला निलंबित केलं. पाळी सुटताना, फाटकावर, सगळ्यांसमोर कागद हातात दिला. तो माझ्याकडे आला नि एवढंच म्हणाला, "मैडम, मैंने तो लोहा चाँदी जैसा करके दिया था." मला ते खरं वाटतं. मी ते नळ स्वतः पाहिले होते.

रंग लोखंडाला धरून राहायला दोन गोष्टी लागतात. लोखंड स्वच्छ आणि खरखरीत हवं, हे शंकरलालचं काम. शिवाय रंगात सिलेन नावाचं एक द्रव घालावं लागतं, शंभर किलोला जेमतेम एक किलो. त्याचा एक हात लोखंडाला धरतो, दुसरा रंगाला. कोरड्यात ते नसलं तरी काही कळत नाही. पाण्यात कळतं. पाणी हळूहळू रंगातून झिरपतं आणि दोघांच्या मधे शिरतं. सिलेन असेल तर त्याला तिथे जागाच मिळत नाही.

आता माझी गोष्ट. तो रंग मी पास केला आहे. कोरडी चाचणी केली: पात्याने चौकटी पाडायच्या, चिकटपट्टी लावायची, ओढायची. एकही चौकट निघाली नाही. पाण्यात महिनाभर बुडवून करायची चाचणी मात्र मी केली नाही. गेल्या वर्षीची मार्चअखेर होती, माल सुटायचा होता, साहेब दारात उभे होते, आणि इतकी वर्षं हा रंग चांगलाच येत होता. मी सही केली.

आणि हा रंग भावोजींच्या कंपनीचा आहे. त्यांना सरळ विचारशील का, की त्या मार्चच्या डब्यांत सिलेन होतं की नव्हतं?

तुझी,
वसू

पुणे
२० ऑगस्ट १९८७

वसे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी तुला चार शब्द बोलून घेते. बाबांनी तुला एम. एस्सी. करायला उज्जैनहून इंदूरला पाठवलं तेव्हा गल्लीतले काय काय बोलले होते, ते मी ऐकलं आहे. ते काय कुणी दारात उभं राहिलं म्हणून सही करायला? बास, एवढंच. पुढे बोलणार नाही, कारण तू ते स्वतः लिहिलंस. लपवलं असतंस तर मी बोलले असते.

यांना विचारलं. रविवारी जेवताना विचारलं, म्हणजे उठून जाता येऊ नये. हे म्हणाले, "रंग सुटला की लोक पहिलं रंगवाल्याला धरतात. लोखंडावर तेल राहिलं असेल. तुझ्या बहिणीला सांग, तिच्या कारखान्यातली माणसं आधी तपास." मी म्हटलं, "म्हणजे ते द्रव होतं?" तर म्हणाले, "इंदू, तुला त्यातलं काय कळतं?" आणि आमटी वाढायला सांगितली.

खरंच मला त्यातलं काही कळत नाही. पण सत्तावीस वर्षं या माणसाला जेवायला वाढते आहे. हे कधी भातावर भात घेत नाहीत. त्या दिवशी घेतला.

सुमनची परीक्षा जवळ आली आहे, घरात लेकीचं तेच चालू असतं. तू तब्येतीला जप. आणि वसू, हा विषय आपल्या पत्रांत नको. टपाल आधी यांच्या हातात पडतं.

तुझी,
ताई

पिपलानी
६ सप्टेंबर १९८७

प्रिय ताई,

विषय नको म्हणालीस, पण मला दुसरा विषय उरलेला नाही. आणि भावोजींनी वाचलं तरी चालेल. मी लपवण्यासारखं काही लिहीत नाही.

प्रत्येक बॅचमधला एक डबा आम्ही सीलबंद करून ठेवतो. त्या मार्चचा डबा सापडला. शंकरलालला कारखान्यात यायला बंदी आहे, म्हणून गोविंदपुऱ्यात एकाच्या शेडमध्ये झोताचं यंत्र मिळवलं. शंकरलालने माझ्यासमोर बारा पत्रे साफ केले. एकच पोलाद, एकच हात, एकच सकाळ. मधेच खोकला आला की बाजूला जाऊन बसायचा, परत उठायचा. मी म्हटलं, "आठ पुरे होतील." तो म्हणाला, "बारह बोले थे तो बारह."

सहा पत्र्यांना तो रंग जसा होता तसा लावला. उरलेल्या सहांना त्याच डब्यातला रंग, पण त्यात मी प्रयोगशाळेतल्या बाटलीतलं सिलेन मोजून घातलं. आता बाराही पत्रे कोमट पाण्यात बुडवून ठेवले आहेत. काय होतं ते महिन्याने कळेल.

परवा साहेबांनी बोलावलं. टेबलावर एक निवेदन टाईप करून ठेवलेलं. 'रंगाचा दर्जा तपासला असता योग्य आढळला. दोष पृष्ठभागाच्या साफसफाईत होता.' खाली माझं नाव, सहीची जागा कोरी.

मी म्हटलं, "सर, पत्रे पाण्यात आहेत. महिना थांबा."

"वसुधाजी, रंग आपने पास किया था. रंग खराब निकला तो सबसे पहले आपका नाम आएगा. मैं आप ही को बचा रहा हूँ."

"माहीत आहे सर. पण यावर सही नाही करणार."

"सोच लीजिए."

"सोच लिया."

ते खरंच मला वाचवत होते, ताई. वाईट माणूस नाही. पण मला वाचवायला ते शंकरलालला पाण्यात टाकत होते. आणि या शहरात राहून, तीन वर्षांपूर्वी वायुगळतीने जे झालं ते डोळ्यांनी पाहून, रसायनाच्या कागदावर 'चालून जाईल' म्हणून सही करणं मला आता शक्य नाही. एकदा केली, तेवढी पुरे.

तुझी,
वसू

पुणे
१८ सप्टेंबर १९८७

चि. वसुधा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुझ्या वर्तनाने आम्हा उभयतांस फार मनस्ताप झाला आहे. तू अविवाहित आहेस, परगावी एकटी राहतेस, सरकारी नोकरी हाच तुझा आधार आहे. वरिष्ठांशी वैर करून तो गमावू नयेस. प्रयोगशाळेतील साहित्य परवानगीशिवाय बाहेर वापरणे हा गुन्हा ठरू शकतो, हेही ध्यानात घ्यावे.

एका कामगारासाठी आपल्या माणसांच्या पोटावर पाय देणे आपल्या कै. मातोश्रींनाही आवडले नसते. तरी तू त्या निवेदनावर सही करून मोकळी व्हावेस. तसे न केल्यास या घराशी तुझा संबंध राहणार नाही, हे दुःखाने कळवावे लागत आहे.

सुमन ठीक आहे.

सौ. इंदुमती

पिपलानी
१० ऑक्टोबर १९८७

सौ. ताईस,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कामावर गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले, आणि त्यानंतर रोज गेले.

अक्षर तुझं आहे म्हणून विश्वास ठेवावा लागतो. एरवी ठेवला नसता. तू मला लहानपणी शिकवलंस की मार बसला तरी चालेल, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. आता तूच सांगतेस, नाव घे आणि मोकळी हो. पुण्यात राहून माणूस इतका बदलतो हे मला माहीत नव्हतं. आईचं नाव मधे आणायला नको होतंस.

पत्रे काल बाहेर काढले. सिलेन घातलेले सहाही जसेच्या तसे. पट्टी ओढून ओढून माझी बोटं दुखली, पण रंग सुटला नाही. दुसऱ्या सहांवरचा रंग नखाने निघाला. खाली लोखंड कसं होतं सांगू? चांदीसारखं. शंकरलाल बघत उभा होता. मला वाटलं, खूश होईल. तो म्हणाला, "अब इनको कौन समझाएगा?" मी म्हटलं, "मी."

३ नोव्हेंबरला चौकशी आहे. तुमच्या कंपनीलाही प्रतिनिधी पाठवायला सांगितलं आहे. तिथे मी पत्रे मांडणार आणि चाचणी मी केली नव्हती हेही सांगणार. कंपनीने सिलेन मुद्दाम घातलं नाही याचा पुरावा माझ्याकडे नाही. डब्यातला रंग मीच बदलला असं कुणी म्हणालं तर माझ्याजवळ माझा शब्द आहे, बस.

तुझ्या घराशी माझा संबंध राहणार नाही म्हणालीस. ठीक आहे. सुमनला माझा आशीर्वाद सांग, तेवढं सांगता येत असेल तर.

वसुधा

पुणे
२३ ऑक्टोबर १९८७

वसे, मूर्ख मुली,

आईला मी जन्मात कधी मातोश्री म्हटलं होतं? हे समोर बसून सांगत होते, मी लिहीत होते. 'आई' लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "मातोश्री लिही, वजन येतं." मी मुकाट्याने लिहिलं. म्हटलं वसू हा शब्द वाचेल आणि ओळखेल. तू नाही ओळखलंस. आणि तुझं रागाचं पत्र आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तुला ओळखायला लावणं हा पळपुटेपणा होता. मला नाही म्हणायला तोंड होतं. मी ते वापरलं नाही.

आता नीट वाच. लग्नाआधी उज्जैनला मी टायपिंग शिकले होते. हे घाईची पत्रं रविवारी घरी माझ्याकडून टाईप करून घेतात. इंग्रजी मला पुरतं कळत नाही असं यांना वाटतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एक पत्र मी टाईप केलं होतं, यांच्या कारखान्याच्या व्यवस्थापकाला. ते परदेशी द्रव आयात परवान्यात अडकलं आहे, माल थांबवता येत नाही, तरी पुढच्या सूचनेपर्यंत ते न घालता रंग काढावा, आणि ग्राहकांना कळवण्याची गरज नाही. खाली यांची सही. द्रवाचं ते नाव मी तेव्हा अक्षर-अक्षर बघून टाईप केलं होतं. तुझ्या पहिल्या पत्रात 'सिलेन' वाचलं आणि तेच नाव ओळखलं. तुला काही लिहिलं नाही. अडीच महिने गप्प बसले. तुझी एक सही होती, माझे हे अडीच महिने आहेत.

कार्बन प्रत सोबत आहे.

चोरून पाठवत नाही. आज सकाळी चहा देताना यांना सांगितलं, "फेब्रुवारीचा कार्बन वसूला पाठवते आहे."

यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "माझी नोकरी जाईल. कळतंय ना?"

"कळतंय. त्या शंकरलालचीही जाते आहे."

"तो कोण लागतो तुझा?"

"कोणी नाही. तुम्ही लागता, म्हणून सांगून पाठवते आहे."

"आणि मी म्हटलं की हे पाकीट घराबाहेर गेलं तर तूही परत येऊ नकोस?"

मी म्हटलं, "ते मी परत आल्यावर म्हणा." आणि चप्पल घातली. हे पत्र पोस्टातल्या टेबलापाशी उभी राहून लिहिते आहे. मागे रांग लागली आहे, एक गृहस्थ सारखे खाकरताहेत. खाकरू देत.

तुझी,
ताई

पिपलानी
८ नोव्हेंबर १९८७

प्रिय ताई,

मला माफ कर असं लिहिणार होते, पण तू आणखी चिडशील. म्हणून आधी काय झालं ते लिहिते.

चौकशीला तिघं अधिकारी होते. एका बाजूला शंकरलाल, इस्त्री केलेला शर्ट घालून. मी पत्र्यांची पिशवी घेऊन आत गेले, तर समोर भावोजी. कंपनीचे प्रतिनिधी म्हणून तेच आले होते. त्यांनी मला नमस्कार केला. मीही केला.

मी पत्रे मांडले. अध्यक्षांना म्हटलं, स्वतः नख लावून बघा. त्यांनी लावलं. रंगाचं सालपट त्यांच्या हातात आलं आणि ते कुठे ठेवावं त्यांना कळेना.

कुलश्रेष्ठ साहेब म्हणाले, "ये बैच आपने ही पास किया था न?"

"जी. कोरडी चाचणी करून. ओली केली नाही. ती माझी चूक आहे, तशीच लिहून घ्या."

लिहिणारा बाबू थांबून साहेबांकडे बघत राहिला. मी म्हटलं, "लिखिए भैया."

मग अध्यक्षांनी भावोजींना विचारलं, द्रव रंगात होतं का? भावोजी म्हणाले, आमच्या सूत्रानुसार असतं. मी कार्बन पुढे सरकवला. भावोजींनी तो उचलून वाचला. मला वाटलं, आता म्हणतील की बनावट आहे. सही पुसट आली आहे, म्हणू शकले असते.

ते म्हणाले, "हा कागद माझ्या घरून आला आहे. खरा आहे. मीच लिहिला होता."

तू सांगून पाठवलास, ताई. म्हणून ते आधीपासून जाणून आले होते. त्यांना दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. स्वतः आले. याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाहेर पडल्यावर मी त्यांना घरी जेवायला चला म्हटलं. ते म्हणाले, "आज नको वसुधा." मग रिक्षात बसताना म्हणाले, "ती परत आली त्या दिवशी. मी काहीच म्हणू शकलो नाही."

तुझी,
वसू

पुणे
१७ जानेवारी १९८८

प्रिय वसू,

यांची नोकरी गेली. काढलं नाही, राजीनामा मागितला. महिनाभर हे माझ्याशी बोलत नव्हते. मीही मनधरणी केली नाही. रोजचा स्वयंपाक केला, ताट वाढलं, सुमनचा अभ्यास घेतला. नातेवाइकांत कुजबुज आहेच, की बायकोनेच नवऱ्याला बुडवलं. सासूबाई हळदीकुंकवाला चारचौघींत म्हणाल्या, "आमच्या सुनेचे हात फार लांब." मी म्हटलं, "हो, भोपाळपर्यंत पोचले."

मी इथल्या एका वकिलाकडे टायपिंगला लागले आहे. कामाचं काही वाटत नाही. आता कुणाचं पत्र टाईप करताना शब्दन्‌शब्द वाचते, आणि कळलं नाही तर विचारते. वकील आधी वैतागले, आता सवय झाली.

संक्रांतीला यांनी आपणहून तिळगूळ हातावर ठेवला. म्हणाले, "तू तेव्हाच का नाही विचारलंस, टाईप करताना?" हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. यांना मात्र म्हटलं, "विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं?" हे म्हणाले, "नाही." वसू, सत्तावीस वर्षांत यांनी मला दिलेलं ते सगळ्यात खरं उत्तर असेल.

शंकरलालचं काय झालं? तू लिहिलं नाहीस.

तुझी,
ताई

पिपलानी
७ फेब्रुवारी १९८८

प्रिय ताई,

लिहिलं नाही, कारण परवापर्यंत काही झालंच नव्हतं.

आधी माझं. निष्काळजीपणाचा ठपका, बढती दोन वर्षं बंद, आणि प्रयोगशाळेतून भांडारात बदली. अपील कर म्हणून युनियनवाले मागे लागले होते. मी केलं नाही. ठपका खरा आहे. पण जाण्याआधी एक गोष्ट लेखी मागितली आणि मिळवली: ओली चाचणी पूर्ण झाल्याशिवाय एकही नळ फाटकाबाहेर जाणार नाही. मार्चअखेर असो नाहीतर मंत्री येवोत. त्या गावाचे नळ कंपनीने पुन्हा रंगवून द्यायचं ठरलं आहे.

आता शंकरलाल. त्याचं निलंबन रद्द झाल्याचं पत्र डिसेंबरातच निघालं, टपालाने घरी गेलं. तो कामावर आलाच नाही. पंधरा दिवस गेले, महिना गेला. साहेबांनी माणूस पाठवला. शंकरलालने निरोप दिला, कागद फाटकावर दिला होता, तर हाही फाटकावर द्या. आणि वाचून दाखवा. साहेब म्हणाले, असा नियम नाही. शंकरलाल म्हणाला, मग मीही नाही. त्याची बायको माझ्याकडे आली, तुम्ही तरी समजवा म्हणून. मी त्याच्या घरी गेले. त्याने चहा दिला आणि म्हणाला, "मैडम, आप समझाने आई हैं?" मी म्हटलं, "नाही. चहा प्यायला आले."

परवा, शुक्रवारी, पाळी सुटताना साहेब स्वतः फाटकावर आले. तीन-चारशे माणसं सायकली धरून उभी. शंकरलाल समोर. साहेबांनी पत्र त्याच्या हातात द्यायला पुढे केलं. त्याने हात मागेच ठेवले.

"पढ़के सुनाइए, साहब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. आणि वाचलं. सगळं वाचलं, त्याच्या कामात कोणताही दोष आढळला नाही इथपर्यंत. आवाज मागे पोचत नव्हता, म्हणून कुणीतरी मागून ओरडलं, "ज़ोर से." शंकरलाल साहेबांकडे बघत राहिला. साहेबांनी ती ओळ परत वाचली, मोठ्याने.

मग त्याने पत्र घेतलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि सगळे बाहेर निघत असताना तो एकटा आत गेला. पहारेकरी म्हणाला, "पाली तो छूट गई, भाई." तो म्हणाला, "मेरी अभी शुरू हुई है."

तुझी,
वसू